क्रोशाची नवी वीण आणि दुखरे मनगट

दिवाळी सरून थंडीची चाहूल लागली की कपाटातली लोकरीची पिशवी बाहेर निघते. साखळी, मुका खांब आणि खांब एवढे येणाऱ्या भगिनींना तोच तो सपाट चौकोन विणून कंटाळा आलेला असतो. काही तरी उठावदार करावेसे वाटते. आणि मग आठ-पंधरा दिवसांनी ‘अंगठा दुखतो’, ‘रात्री हाताला मुंग्या येतात’ अशी तक्रार सुरू होते. घरातले सांगतात, ‘सोडून दे ते विणकाम!’ हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. म्हणून आज एक वीण शिकू आणि ती शिकता शिकता हाताकडेही लक्ष देऊ.

उठावाची वीण म्हटले की शिकाऊ हात फुग्यांच्या विणीकडे, म्हणजे बॉबलकडे वळतो. दिसायला ती सुरेख. पण तिच्यात एकाच टाक्यात चार-पाच अर्धवट खांब घालून सगळे फास एका दमात ओढून काढावे लागतात. हात घट्ट असेल तर मनगटाला चांगलाच पीळ बसतो. त्यापेक्षा ‘लेमन पील’ ही वीण मला पहिल्या पायरीसाठी अधिक बरी वाटते. लिंबाच्या सालीसारखे बारीक दाणे असलेली ही वीण दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, त्यामुळे मफलरला फारच छान.

सुई ४ किंवा ५ मिलिमीटरची, लोकर मध्यम जाड आणि रंग फिका घ्यावा. गडद रंगात टाका दिसत नाही, मग मान खाली आणि डोळे बारीक! टाक्यांची नावे घरोघरी वेगळी असतात, म्हणून सांगतो. मुका खांब म्हणजे सुईवरचे दोन फास एकदम काढायचा बुटका टाका. खांब म्हणजे आधी सुईवर एक वेढा घेऊन दोन-दोन फास काढत केलेला उंच टाका.

२५ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब, पुढचीत खांब, मग पुन्हा मुका, पुन्हा खांब, असे शेवटपर्यंत. २४ टाके भरतील आणि शेवटचा टाका खांब असेल. आता एक साखळी घालून काम उलटे करा. ही साखळी टाका म्हणून मोजायची नाही. अगदी पहिल्याच टाक्यात, म्हणजे मागच्या ओळीतल्या खांबावर, मुका खांब घाला आणि त्याच्या पुढच्या मुक्यावर खांब. खांबावर मुका, मुक्यावर खांब, एवढेच ध्यानात ठेवायचे. पुढची प्रत्येक ओळ अशीच. उंच खांब दोन बुटक्यांच्या मध्ये सापडतो, त्याला ताठ उभे राहता येत नाही आणि तो फुगून वर येतो. तेच ते दाणे. चार ओळी होईपर्यंत फारसे काही दिसत नाही, तेवढा धीर धरा. दाण्यांऐवजी उभ्या पट्ट्या दिसू लागल्या तर खांबावर खांब पडला आहे असे समजा. दर ओळीला २४ मोजा. हरवतो तो बहुधा शेवटचा टाका.

आता हाताचे. नवी वीण शिकताना भीतीने सुई आवळून धरली जाते, आणि दुखण्याचे मूळ बहुधा त्या आवळण्यात असते. बारीक सुईच्या मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा पट्टी गुंडाळली की मूठ जाड होते आणि पकड आपोआप सैल पडते. दोरा बोटाला दोन-तीन वेढे देऊन करकचून धरू नका. मांडीवर उशी घेऊन त्यावर हात टेकवा, म्हणजे खांदे वर चढत नाहीत. वीस मिनिटे झाली की सुई खाली ठेवावी, बोटे पसरावीत, लांब कुठे तरी नजर टाकावी. चाळिशी ओलांडली असेल तर जवळचा चष्मा आधी तपासून घ्या.

दुखण्याची जागा मात्र नीट पाहा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखते आणि अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवल्यास कळ येते, तर तिथल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज असावी. तान्हे मूल सतत उचलणाऱ्या मातांनाही हे होते. अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होते, करंगळी मात्र ठीक असते आणि रात्री हात झटकल्यावर बरे वाटते, तर मनगटातून जाणारी नस दाबली जात असण्याची शक्यता मोठी. मधुमेह, थायरॉईडची कमतरता आणि गरोदरपण यांत हे अधिक आढळते. बाळासाठी टोपडे विणायला घेतले आणि मुंग्या सुरू झाल्या, तर दोष एकट्या क्रोशाचा नसतो. बाळंतपणानंतर हा त्रास बहुतेकींचा आपोआप कमी होतो. इतरांनी रक्तातली साखर आणि थायरॉईड तपासून घ्यावे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधल्याने सुरुवातीच्या अवस्थेत पुष्कळ आराम पडतो. ‘वात आहे’ म्हणून वर्षानुवर्षे तेल चोळत राहिल्यास अंगठ्याखालचा मांसल उंचवटा खंगतो, आणि गेलेली ताकद मग पूर्ण परत येईलच असे नाही.

विणकाम सोडू नका म्हणण्याला आणखी एक कारण आहे. ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत क्रोशे करणाऱ्या ८,३९१ जणांची उत्तरे होती. दहांतील जवळजवळ नऊ जणांनी विणताना मन शांत होते असे सांगितले. उत्तरे देणारे सगळे क्रोशाचे भक्तच, तेव्हा हे औषध म्हणून लिहून देता येणार नाही. पण ज्याने मन निवते ते काम उगीच का तोडायचे?

दोन आठवडे विश्रांती घेऊनही बधिरपणा राहिला, किंवा हातातून भांडे सुटू लागले, तर डॉक्टरांना दाखवा. जाताना सुई आणि अर्धवट विणकाम पिशवीत घालून न्या. तुम्ही ते कसे धरता हे पाहिल्यावर डॉक्टरांचे निम्मे प्रश्न वाचतात.