खोट्या शिफारशींचा बाजार

जळगावच्या सराफ बाजारात परजिल्ह्यांतील माणसे सोन्यासाठी येतात, तेव्हा बहुधा कोणा आप्ताने दुकानाचे नाव सांगितलेले असते. सांगणाऱ्याची पत त्या शब्दात गुंतलेली असते, म्हणून त्याला किंमत. १९९८ साली लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी गूगल उभारले ते याच व्यवहारी तत्त्वावर. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा दुवा दिला, की ती शिफारस मानावयाची.

परंतु शिफारस फुकट निर्माण होऊ लागली, की तिचे मोल उरत नाही. परक्या संकेतस्थळांवर यंत्राकरवी हजारो अभिप्राय व त्यांत आपले दुवे पेरणारी साधने निघाली. (मजकूर एकच, ‘अतिशय उपयुक्त माहिती’, मग लेख पीकविम्यावर असो की मधुमेहावर!) गूगलने २००५ मध्ये असे दुवे मोजणीबाहेर ठेवणारी ‘नोफॉलो’ ही खूण आणली, २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ बदलाने कृत्रिम दुव्यांवर चढलेली स्थळे खाली उतरवली. तरीही जळगावच्या डाळमिलवाल्यास वा दोंडाईच्याच्या मिरची व्यापाऱ्यास ही सेवा विकता येते. विक्रेता हमी देतो ती दुव्यांची, गिऱ्हाइकांची नव्हे.

हानी त्याच्या पैशांपुरतीच राहत नाही. खऱ्याखोट्याची पारख अशक्य झाली, की चांगला माल बाजारातून काढता पाय घेतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्येच दाखविले. धुळ्याचा सचोटीचा दुकानदारही अशा बाजारात संशयितच ठरतो. सोन्यावरील हॉलमार्क सरकारने २०२१ पासून अनेक जिल्ह्यांत सक्तीचा केला. ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये काढलेले मानक मात्र ऐच्छिक ठेवले.