इम्प्लांट किती? जबड्याला विचारा

राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातल्या पानशेतहून दातांच्या मोठ्या उपचारासाठी पुणे गाठायचं, तर जाण्यायेण्यात दिवस मोडतो. त्यामुळे ‘इम्प्लांट किती बसवायचे?’ हा प्रश्न इथे खर्चाबरोबर फेऱ्यांचा आणि पुढच्या निगेचाही असतो. पडलेले दात मोजून त्याचं उत्तर मिळत नाही; ते जबड्याच्या हाडात शोधावं लागतं.

1952 मध्ये स्वीडनचे पेर-इंगवार ब्रेनमार्क सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण अभ्यासत होते. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढू गेले, तर ते निघेना. हाड त्याला घट्ट धरून वाढलं होतं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, बसवले. ते हाडात पक्के व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. चावण्याचा सगळा भार शेवटी हाडावरच येतो, म्हणून आकडाही हाडच ठरवतं.

एक दात गेला, तर एक इम्प्लांट. सलग तीन गेले, तर बहुधा दोन पुरतात. त्यांवर तीन दातांचा ब्रिज बसतो. अगदी मागची दाढ गेली, तर दर वेळी ती जागा भरलीच पाहिजे असं नाही. समोरासमोर जुळणाऱ्या वीसेक दातांवर बहुतेकांचं जेवण नीट होतं.

खालचे सगळे दात गेलेल्यांची कवळी भाकरी चावताना हलते. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी अशांसाठी दोन इम्प्लांट आणि त्यांवर अडकणारी, काढता येणारी कवळी ही पहिली पसंती ठरवली. पक्के दात हवे असतील, तर सहसा चार ते सहा लागतात. वरच्या जबड्याचं हाड मऊ, त्यातच सायनसची पोकळी. तिथे काढता येणाऱ्या कवळीलाही बहुधा चार लागतात. दात पडून वर्षं लोटली की हाड झिजतं. त्याची उंची-जाडी सीबीसीटी या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये दिसते.

इम्प्लांट किडत नाही, पण भोवतालची हिरडी सुजून हाड विरघळू शकतं. विडी आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हा धोका वाढवतात. मिश्रीही सोडलेलीच बरी. जितके इम्प्लांट जास्त, तितक्या घासायच्या जागा जास्त.

म्हणून डॉक्टरांना जरूर विचारा: ‘याहून कमी इम्प्लांटमध्ये भागेल का? नसेल, तर का?’ आपल्या हातांनी रोज स्वच्छ ठेवता येतील आणि ज्यांच्या तपासणीसाठी दरवर्षी पुण्याला जाणं जमेल, तितकेच बसवावेत.