गृहसंस्था आणि तिचा सभासद

शहरांतील सुशिक्षित गृहस्थाच्या मनांत एक समज रुजलेला आढळतो. देखभालखर्चाचें बिल वेळेवर भरलें आणि शेजाऱ्याशीं तंटा केला नाहीं, म्हणजे सोसायटीविषयींचें आपलें कर्तव्य संपलें, असें त्यास वाटतें. हा समज कितपत टिकणारा आहे, हें पाहणें अगत्याचें आहे.

हिंदुस्थानांतील १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानें इतर सहकारी संस्थांस वाट मोकळी झाली, आणि १९१५ सालीं मुंबईंत गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. एकेकट्या मध्यमवर्गीय कुटुंबास शहरांत सुखाचें घर मिळणें कठीण. तें अनेकांनीं मिळून उभारावें व मिळून सांभाळावें, हें या चळवळीचें मूळ. उभारण्याचें काम एकदां संपतें. सांभाळण्याचें कधींच संपत नाहीं.

महाराष्ट्रांतील गृहसंस्था आज १९६० च्या सहकारी अधिनियमानुसार चालतात. त्यांत २०१९ सालीं गृहसंस्थांकरितां स्वतंत्र प्रकरण घालण्यांत आलें. या व्यवस्थेंत अंतिम सत्ता अध्यक्षाची नव्हे, चिटणिसाचीहि नव्हे. ती सर्वसाधारण सभेची आहे. समिति पांच वर्षांकरितां निवडली जाते व सभेनें ठरविलेलें पार पाडते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वीं भरावी आणि हिशेब तिच्यापुढें यावे, असा दंडक आहे.

आतां गणसंख्येचा नियम पाहावा. आदर्श उपविधींप्रमाणें एकूण सभासदांपैकीं दोन तृतीयांश किंवा वीस, यांत जो आंकडा लहान असेल, तेवढे सभासद हजर हवेत. शंभर घरांच्या संस्थेंतहि वीस पुरतात. अर्ध्या तासांत तेवढेहि न जमले, तर सभा तहकूब होते; आणि त्या तहकूब सभेस गणसंख्येचें बंधन राहत नाहीं. मग हजर असलेल्या दहाबारा जणांनीं गच्चीच्या दुरुस्तीची वर्गणी ठरविली, तर ती शंभरहि घरांस भरावी लागते. यांत कायद्याचा अन्याय नाहीं. छप्पर गळत असतां लोकांच्या सवडीची वाट किती पाहावी? परंतु घरीं बसणारा तटस्थ राहतो, हा मात्र भ्रम होय. तो आपला अधिकार इतरांच्या हातीं देतो. आणि वर्गणीचा बोजा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्ध शेजाऱ्यास पेलेल काय, हें विचारणारा तेथें कोणी उरत नाहीं.

सहभागाचा आरंभ मोठ्या पदापासून करण्याचें कारण नाहीं. प्रथम उपविधींची प्रत मिळवून वाचावी. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधीं येते. त्या अवधींत जमाखर्च पाहून ठेवावा. सभेची इतिवृत्तें व तपासलेले हिशेब पाहण्याचा सभासदास हक्क आहे. शंका असल्यास ती सौम्य भाषेंत लेखी विचारावी. जिन्यांतील कुजबुजीनें कोणताच हिशेब सुधारत नाहीं. त्यानंतर टाकीची सफाई किंवा कचऱ्याचें वर्गीकरण यांपैकीं एखादें लहान काम पत्करावें. समितीचे सभासदहि बहुधा स्वतःचा उद्योग सांभाळून विनावेतन राबतात, हें तें काम करतांना सहज उमगतें आणि टीकेस आपोआप मर्यादा येते.

पुढील नोटीस फळ्यावर लागेल, तेव्हां ती उभ्याउभ्या वाचून जिना चढूं नये. तिच्यांतील तारीख घरच्या दिनदर्शिकेवर नोंदवावी.