हिवरे बाजार : चर खोदले, पाण्याचा हिशेबही ठेवला

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पर्जन्यछायेत येते. वर्षाकाठी सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. 1972 च्या दुष्काळानंतर हे गाव उतरणीला लागले. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, दारू वाढली आणि मजुरीसाठी माणसे शहराकडे निघून गेली. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने पहिला हात घातला तो डोंगरमाथ्याला. गावाची ही कथा आता सर्वांना ठाऊक आहे. पवारांना 2020 मध्ये पद्मश्रीही जाहीर झाली. पण या कथेत एक गोष्ट नेहमी मागे पडते. येथील कायापालटात रोजगार हमीच्या मजुरीचा वाटा मोठा होता. हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी काय करावे, याची उत्तरे आपण परदेशी परिषदांमध्ये शोधतो. त्यातील एक उत्तर कुदळ, घमेले आणि हजेरीपट घेऊन या डोंगरावर तीस वर्षांपूर्वीच लिहिले गेले आहे.

या डोंगरावर खोदलेला सलग समतल चर जवळून पाहिला, तर त्यात चमत्कार काहीच नाही. साधारण दोन फूट रुंद, फूटभर खोल, डोंगराच्या कुशीत एकाच पातळीवर आडवी गेलेली खाच. खोदलेली माती उताराच्या बाजूला रचून तिचा वरंबा करायचा आणि त्यावर गवत येऊ द्यायचे. पातळी चुकली की पाणी सखल टोकाला धावते आणि चर फुटतो. म्हणून खोदण्याआधीची आखणी हेच यातले खरे कौशल्य. जोराची सर आली की पाणी चरात थबकते, मुरते आणि सोबत आलेली माती तिथेच बसते. माथा ते पायथा हा क्रम पाळला, तर खालचे बांध आणि पाझर तलाव गाळाने भरत नाहीत. आता पाऊस थोड्या दिवसांत, पण जोरात कोसळतो आणि मधले खंड लांबतात. अशा वेळी या खाचेचे मोल कितीतरी वाढते. धावणाऱ्या पाण्याला चालायला आणि चालणाऱ्याला थांबायला लावणे, एवढेच तिचे काम.

हे काम यंत्राने झटपट होत असताना माणसे कशाला राबवायची, असा प्रश्न येतो. हिशेब केवळ घनमीटरचा असेल, तर आक्षेप रास्त आहे. पण यंत्राला सोयीचा असतो तो नाला, डोंगराचा उतार नव्हे. म्हणून यंत्र आले की काम माथा सोडून खाली सरकते. राज्य शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणावर फार भर राहिला, ही टीका तज्ज्ञांनी तेव्हाच केली होती. 9,600 कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात या अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही, असे महालेखापरीक्षकांच्या 2020 च्या अहवालाने नोंदवले. शिवाय दुष्काळात गाव सोडावे लागू नये, म्हणूनच महाराष्ट्राने 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. मजुरी हातात पडते तेव्हा यंदाचा दुष्काळ निभतो. चर उरतो तेव्हा पुढच्या दुष्काळाची तयारी होते. एकाच रुपयात ही दोन्ही कामे होतात, हे विसरून चालणार नाही.

तरीही, नुसते चर खोदून हिवरे बाजार होत नाही. राज्यभर खोदलेल्या आणि पुढच्या दोन पावसांत बुजलेल्या चरांची गणती नाही. हिवरे बाजारने चराई आणि कुऱ्हाड बंद केली, शेतीसाठी बोअरवेल नाकारली, ऊस आणि केळी वर्ज्य केली. गावात पर्जन्यमापक आहेत, विहिरींची पातळी मोजली जाते आणि पावसाळा सरल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसे आणि जनावरे, मग शेती. पाऊस कमी झाला, तर रब्बीचे क्षेत्र आणि पीक त्या बेताने ठरते. मला हीच सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. हवामान कसेही बदलो, यंदा विहिरीत किती पाणी आहे हे ठाऊक असलेले गाव आंधळेपणाने पेरणी करत नाही.

एका माणसामुळे हे घडले, असे म्हणून अनेकजण विषय संपवतात. नेतृत्वाचे मोल खरेच. पण जालना जिल्ह्यातील कडवंचीचे नाव एखाद्या सरपंचामुळे नव्हे, तर इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातील कामांमुळे झाले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वरच्या गावाने पाणी अडवले, तर खालच्याचे काय? मुरलेल्या पाण्यातले काही झिरपत खाली जाते, पण सगळे नाही. म्हणूनच ताळेबंद गावाच्या शिवेवर न थांबता पूर्ण पाणलोटाचा झाला पाहिजे. हे काम अजून व्हायचे आहे, आणि ते एकट्या गावाच्या हातचे नाही. त्यासाठी शासनालाच पुढे यावे लागेल.

हिवरे बाजार पाहायला जाणाऱ्यांनी कमानीपाशी फोटो काढून परत फिरू नये. डोंगरावर चढून चर पाहावेत, पाण्याचा ताळेबंद वाचावा. आणि आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत किती मजूर लागले, किती खर्च झाला एवढेच न विचारता, त्या कामानंतर खालच्या विहिरीची पातळी किती वाढली, हेही विचारावे.