'डिस्कव्हर' हा शब्द आणि दप्तरांतील कागद

जुना कागद अथवा पोथी यांसंबंधीं कांहीं नवें वृत्त आलें, कीं इंग्रजी वृत्तपत्रांत 'डिस्कव्हर' हें क्रियापद हटकून योजिलेलें आढळतें. मराठी पत्रें त्याचें 'शोध लागला' असें भाषांतर करून मोकळीं होतात. शब्द दिसावयास निरुपद्रवी. परंतु हस्तलिखितांचा संग्रह व अभ्यास करणाऱ्यांनीं तो नीट पारखून घ्यावा असें आम्हांस वाटतें. कारण या एका क्रियापदाच्या पोटीं तीन-चार भिन्न क्रिया दडतात, व एकीचें श्रेय दुसरीस जातें.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचद्वारां इंग्रजींत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'आच्छादन काढणें, उघडें करणें' एवढाच. वस्तु पूर्वींपासून आहे, हें त्यांत गृहीतच होतें. पुढें 'कोणास ठाऊक नव्हतें तें प्रथम जाणणें' हा अर्थ प्रबळ झाला. वृत्तपत्रांस तोच सोयीचा. वृत्त म्हटलें कीं नावीन्य हवें, आणि मथळा थोडक्या अक्षरांत बसला पाहिजे. मराठींत घोटाळा अधिकच. कारण 'शोध घेणें' आणि 'शोध लावणें' यांत नाम एकच, व नवें यंत्र निर्माण करणें यासही आपण 'शोध लावणें'च म्हणतों.

आतां उदाहरणें. १८८१ सालीं मर्दानजवळील बख्शाली गांवीं एका शेतकऱ्यास जमिनींत भूर्जपत्रावरील गणितग्रंथ मिळाला. येथें हा शब्द शोभतो. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें पाहा. तंजावर प्रांतांतील एका पंडितानें ती पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिली. १९०५ सालीं शामशास्त्री यांनीं ती ओळखली, व १९०९ सालीं ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. ओळखण्याचें व संपादनाचें शामशास्त्र्यांचें कार्य थोरच. पण सर्व मिळून 'डिस्कव्हर' म्हटलें, कीं पोथी जतन करून स्वखुशीनें देणारा पंडित कथेंतून नाहींसा होतो.

२०१२ सालीं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत डॉ. चार्ल्स लील यांच्या अहवालाची प्रत मिळाल्याचें वृत्त गाजलें. १८६५ सालीं लिंकन यांस गोळी लागली तेव्हां त्यांजजवळ प्रथम पोंचलेला वैद्य तो हाच. ही प्रत कोठें होती? सर्जन जनरलच्या कचेरीस आलेल्या पत्रव्यवहारांत, लील यांच्या आद्याक्षराखालीं; म्हणजे जेथें असावयास हवी तेथेंच. संशोधिकेनें गठ्ठे चिकाटीनें तपासून ती पाहिली, तिचें महत्त्व जाणलें, हें निर्विवाद. पण ती जागच्या जागीं राहिली हें श्रेय कारकुनांचें व दप्तरदारांचें.

तसेंच २०१५ सालीं बर्मिंगहॅम विद्यापीठांतील कुराणाच्या दोन चर्मपत्रांचें झालें. मिंगाना यांनीं १९२० नंतरच्या दशकांत जमविलेल्या संग्रहांतील हीं पानें दुसऱ्या एका प्रतीच्या पानांबरोबर बांधलीं गेलीं होतीं. तीं निराळीं आहेत हें आल्बा फेदेली यांनीं ओळखलें, आणि कार्बन-परीक्षेनें चर्माचा काळ इ. स. ५६८ ते ६४५ ठरला. येथें नवें काय? पानें नव्हेत, त्यांची ओळख व कालनिर्णय. तो कालही चर्माचा, लेखनाचा नव्हे. 'पानें डिस्कव्हर झालीं' म्हणतांच हा विवेक पुसला जातो.

जुने विद्वान् या बाबतींत सावध होते. मुंबई सरकारासाठीं पोथ्या मिळविणारे बूलर व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं आपल्या अहवालांच्या मथळ्यांत 'सर्च' हा शब्द योजिला आहे. पोथी ज्याच्या घरीं आहे त्यास ती ठाऊक आहे, आपण केवळ तिच्या मागावर आहों, अशी नम्रता त्या शब्दांत आहे. त्यांनीं मिळविलेल्या पोथ्या आज पुण्यास भांडारकर संस्थेंत आहेत.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. ज्या घराण्यानें पिढ्यान् पिढ्या रुमाल सांभाळले, त्यास 'आमच्या कागदांचा शोध दुसऱ्यानेंच लावला' असें वाचावें लागलें, तर पुढील रुमाल तें कशास सोडील? शिवाय जो कागद जणूं आजच जन्मला, तो कोठून आला हें विचारण्याचें कारणच उरत नाहीं. चोरीच्या कागदास याहून उत्तम आच्छादन नाहीं.

मराठींत क्रियापदांची वाण नाहीं. जमिनींतून निघालें तें 'सांपडलें', दप्तरांत दिसलें तें 'आढळलें', अनामिकाचें नांव कळलें तर 'ओळख पटली', छापलें तर 'प्रसिद्ध केलें'. आमची संग्राहकांस विनंती एवढीच, कीं वृत्तपत्राकडे हकीकत धाडतांना चार गोष्टी अवश्य लिहाव्या: कागद कोठें होता, कोणीं राखला, यादींत त्याचा क्रमांक कोणता, आणि आज नवें काय कळलें. इतकें दिल्यावर मथळा कसाही पडो. कागदाचा इतिहास मात्र मजकुरांत शाबूत राहील.