बुडत्या शहराचा आवाज

२९ ऑगस्ट २००५. कॅटरिना चक्रीवादळाने अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे पूरसंरक्षक बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. वीज गेली, बहुतेक फोन बंद पडले. बॅटरीवरच्या रेडिओवर मात्र डब्ल्यूडब्ल्यूएल हे स्थानिक केंद्र बोलत राहिले. त्याचे ५० हजार वॅटचे मध्यमलहरी प्रक्षेपण रात्री शेकडो मैल पोचते. म्हणून शहर सोडून गेलेल्यांनाही घरची खबर मिळाली. एन्टरकॉम आणि क्लिअर चॅनल या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी चढाओढ बाजूला ठेवून एकत्र प्रक्षेपण केले. त्याच नावाच्या दूरचित्रवाणी केंद्राने बॅटन रूजच्या विद्यापीठातून बातम्या दिल्या. कुठल्या गल्लीत पाणी चढले, हे सांगायला ती गल्ली ओळखणारे माणूसच लागते. स्थानिक केंद्राचे मोल ते हेच!