उन्हाळी लागली, कॅप्सूल मिळाली. आता घ्यायची कशी?

उन्हाळी लागली की आधी घरचे उपाय होतात. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, नारळपाणी. तरी दोन दिवसांत ओटीपोटात कळ यायला लागते, पुन्हा पुन्हा बाथरूम गाठावी लागते आणि येतात ते चार थेंब, तेही आग आग करत. मग डॉक्टर, लघवीची तपासणी, आणि चिठ्ठीवर बऱ्याचदा एक लांबलचक नाव : नायट्रोफ्युरँटॉइन.

हे औषध 1953 पासून वापरात आहे. त्याच्यानंतर आलेली कितीतरी अँटिबायोटिक्स बोथट झाली, पण मूत्रमार्गात सर्वांत जास्त त्रास देणारा ई. कोलाय हा जंतू आजही बहुतेक वेळा याला दाद देतो. जंतूच्याच एंझाइममुळे औषधाचे घातक तुकडे होतात आणि ते त्याच्यावर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात. एखादी वाट बंद करून त्याला निसटता येत नाही.

मात्र या औषधाची एक खासियत नीट समजून घेतली पाहिजे. ते रक्तात फार थोडा वेळ राहतं. मूत्रपिंडं ते भराभर लघवीत सोडतात. त्यामुळे शरीरात इतरत्र त्याचं प्रमाण नगण्य आणि मूत्राशयात भरपूर. एवढं लक्षात राहिलं की बाकीच्या बहुतेक सूचना आपोआप उलगडतात.

कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची. अन्नासोबत ती जास्त शोषली जाते, म्हणजे लघवीतही जास्त उतरते, आणि मळमळही कमी होते. सकाळी नुसत्या चहावर घेऊन ‘ही गोळी मला सोसत नाही’ म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांनी पोळी-भाजीबरोबर घेऊन पाहावी. उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी चालेल, निरंकार उपवास मात्र या दिवसांत नको. प्रौढांना साधारणपणे 100 मिलिग्रॅमची, सावकाश विरघळणारी कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं असेल तर चिठ्ठी खरी. दोन डोसांत साधारण बारा तासांचं अंतर ठेवायचं. कॅप्सूल उघडायची नाही, चावायचीही नाही. एखादा डोस राहिला तर आठवेल तेव्हा घ्यावा. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्यावा, दोन एकदम घेऊ नयेत.

केमिस्ट दहाच्या स्ट्रिपमधून कात्रीने हवे तेवढे तुकडे कापून देतो, आणि नाव आणि मुदतीची तारीख नेमकी त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. ती दोन्ही दाखवायला सांगा, किंवा बिलावर लिहून घ्या.

आता सोड्याबद्दल. आग होते म्हणून पाण्यात खायचा सोडा घालून पिणं, किंवा दुकानातून लघवीचं सायट्रेटचं सिरप परस्पर आणणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. दोन्हींनी लघवीची आम्लता उतरते, आणि हे औषध आम्ल लघवीत जास्त जोमाने काम करतं. म्हणजे आराम पडावा म्हणून घेतलेली वस्तू औषधाच्याच मुळावर येते. डॉक्टरांनीच कॅप्सूल आणि सिरप दोन्ही लिहून दिली असतील तर तसं विचारायला संकोच करू नका. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेलं अँटासिडही टाळायचं, कारण औषध त्याला चिकटून पोटातच अडकतं.

लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होईल. घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे. पाणी तहानेपेक्षा थोडं जास्त प्यावं. तांब्यावर तांबे रिचवायची गरज नाही. लघवी तुंबवून ठेवू नये, हे सांगणं सोपं आहे. एसटी स्टँडवरचं स्वच्छतागृह आठवून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बाईला ते कितपत जमेल, हा प्रश्न डॉक्टरांच्या हातातला नाही.

औषध लघवीत पोचवतात ती मूत्रपिंडं. तीच थकलेली असतील तर ते मूत्राशयात पुरेसं उतरत नाही आणि रक्तात साचून नसांना इजा करू शकतं. म्हणून वयस्कर माणसांनी आणि मधुमेहींनी क्रिएटिनीनचा ताजा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या, असं काही असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला असू शकतो. त्या ऊतींत हे औषध पुरेसं पोचत नाही, म्हणून कोर्स संपायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. पुरुषांच्या प्रोस्टेटच्या संसर्गालाही ते याच कारणाने कुचकामी.

जी-सिक्स-पीडी या एंझाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. पारशी आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त आढळते, तेव्हा घरात कोणाला असेल तर आधीच सांगावं. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत हे औषध टाळतात, आणि अंगावर पिणारं बाळ महिन्याच्या आतलं असेल तरीही, कारण तान्ह्या बाळाच्या पेशींनाही तोच धोका.

कोरडा खोकला, धाप, हातापायांना मुंग्या, डोळे पिवळे होणं, अंगावर पुरळ, यांतलं काही दिसलं तर पुढचा डोस न घेता डॉक्टरांना कळवा. धाप वाढत असेल तर थेट दवाखाना. अशा गोष्टी क्वचित घडतात, पण अंगावर काढण्यातल्या नाहीत.

आग बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. तिथेच कोर्स सोडायचा मोह होतो, आणि उरलेल्या कॅप्सूल डब्यात जाऊन पुढे वहिनीला किंवा शेजारणीला दिल्या जातात. तिची मूत्रपिंडं कशी आहेत, ती गरोदर आहे का, हे त्या डब्याला ठाऊक नसतं.

दोन दिवसांत काहीच फरक पडला नाही, किंवा कोर्सनंतर पंधरवड्यात त्रास उलटला, तर तीच कॅप्सूल पुन्हा आणू नका. लघवीचं कल्चर करायला हवं. प्रोटियससारख्या काही जंतूंवर हे औषध मुळातच चालत नाही. कल्चरचा नमुना नव्या अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचा. जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्यायची, झाकण आतून हाताळायचं नाही. डबी तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचवायची. तेवढ्यात जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी न्यायची. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.